समुद्र कळंबच्या पुलाखालून जातो

मंचरमध्ये राहून समुद्रावर लिहायचं म्हटलं की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘आपला काय संबंध?’ समुद्रावर कोकणातल्यांनी लिहावं, गोव्यातल्यांनी लिहावं, फार तर मुंबईकरांनी. आपण कांदा, बटाटा, ऊस, बिबट्या आणि पुणे-नाशिक हायवेचं ट्रॅफिक यावर बोलावं. त्यातही समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर लिहायचं म्हणजे तर नसते उद्योग.

हा लेख त्या ‘आपला काय संबंध’च्या विरोधात आहे. माझं म्हणणं सरळ आहे. बाटल्या घेऊन महिनोन् महिने समुद्रावर फिरणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हिशोब मांडतायत, तो आपल्या शेतातल्या आणि आपल्या गटारातल्या नत्राचा हिशोब आहे. तो आपल्याला आपल्या भाषेत मिळायला हवा. आणि त्या हिशोबाची पहिली नोंद समुद्रावर नाही, इथे, घोड नदीवर व्हायला हवी. ती होत नाही, कारण शास्त्रज्ञांचं फील्डवर्क म्हणजे कुणा दुसऱ्याचं साहस, आपण फक्त फोटोला लाइक द्यायचं, अशी सवय आपण स्वतःला लावून घेतलीय.

आधी भूगोल

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला आहुपे आहे. पावसाळ्यात तिथल्या कड्यावर पुण्या-मुंबईची गर्दी असते. धुकं, धबधबे, रील. त्या कड्याच्या टोकावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, हे त्या रीलमध्ये कुणी सांगत नाही. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब खाली कोकणात उतरतो आणि थोड्याच अंतरात अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला थेंब मात्र घोड नदीत येतो आणि सगळा भारत ओलांडायला निघतो.

तो आधी डिंभ्याच्या धरणात थांबतो. त्याच धरणाच्या पोटात जुनं आंबेगाव बुडालेलं आहे, आणि त्या जलाशयाला आपल्याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे. तिथून घोडेगाव, मग कळंबच्या पुलाखालून पुढे. वाटेत कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला मिळते, भीमा उजनीत साठते. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ज्या पाण्याला आपण हात जोडतो, त्यात घोडचा वाटा असतो. पुढे कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर भीमा कृष्णेत जाते आणि कृष्णा विजयवाड्याच्या पुढे बंगालच्या उपसागरात.

म्हणजे मंचर अरबी समुद्रापासून जवळ असलं, तरी आपलं सांडपाणी बंगालच्या उपसागराच्या खात्यात जमा होतं. हे मी पहिल्यांदा नकाशावर बोट फिरवून अण्णांना दाखवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग आपण टाकलेला युरियाबी तिकडंच चाललाय म्हणायचा.” चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते आमच्या अभ्यासक्रमाला अजून कळायचं आहे.

आणखी एक योगायोग. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. जगभरातली संशोधन जहाजं हिंद महासागरात उतरली, कारण तोवर या महासागराची माहिती इतरांच्या मानाने फारच तोकडी होती. या मोहिमेत भारतीय नौदलाचं ‘किस्टना’ हे जहाज होतं. किस्टना म्हणजे कृष्णा, इंग्रजांच्या काळातलं नदीचं स्पेलिंग. भारतीय समुद्रविज्ञानाच्या अगदी सुरुवातीच्या जहाजांपैकी एकावर आपल्याच नदीचं नाव होतं. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. गोव्यात दोनापावलाला तिचं मुख्यालय आहे. संबंध नाही म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं.

जहाजावर काय चालतं

संशोधन मोहीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते झेंडा घेतलेलं टोळकं, लाइफ जॅकेट आणि मावळता सूर्य. बातम्याही तशाच येतात. मार्च २०२१ मध्ये याच संस्थेचं ‘सिंधू साधना’ हे जहाज विशाखापट्टणमहून निघालं. हिंद महासागरातल्या सूक्ष्मजीवांचा जनुकीय नकाशा तयार करायचा, त्यासाठी सुमारे नव्वद दिवसांत दहा हजार सागरी मैलांचा प्रवास करायचा आणि पाच किलोमीटर खोलीपर्यंतचे नमुने आणायचे, असं नियोजन होतं. आपल्याकडे त्याची बातमी एक दिवस आली. आकडे मोठे होते म्हणून आली. पुढे त्या नमुन्यांचं काय झालं, हे मराठीत विचारायला कुणी गेलं नाही.

मी स्वतः अशा जहाजावर गेलेली नाही. पण कामाची पद्धत काही गुपित नाही. प्रत्येक शोधनिबंधात ती सविस्तर लिहिलेली असते. ती वाचली की सिनेमा उतरतो आणि मजुरी दिसायला लागते.

जहाज ठरलेल्या अक्षांश-रेखांशावर थांबतं. एका गोल लोखंडी चौकटीला उभ्या बाटल्या बांधलेल्या असतात, दोन्ही तोंडं उघडी. ती चौकट केबलवरून खाली सोडतात. सोबतचे सेन्सर खारटपणा, तापमान, खोली वर कळवत राहतात. वर येताना हव्या त्या खोलीवर एकेक बाटली वरूनच बटण दाबून बंद करतात. चौकट डेकवर आली की सगळे नळ घेऊन धावतात, पण त्यालाही क्रम असतो. सगळ्यात आधी वायूंचे नमुने, कारण बाटलीत हवा शिरली की मोजमाप वाया. मग क्षारांचे. मग सूक्ष्मजीवांसाठी लिटरच्या लिटर पाणी अशा फिल्टरमधून गाळायचं, ज्याची छिद्रं मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी असतात. हे गाळणं तासन् तास चालतं. रात्री दोनला जहाज थांबलं तर रात्री दोनला चालतं. पोटातलं बाहेर येत असलं तरी चालतं. फिल्टरचा तो कागद गोठवून ठेवायचा आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख बॅक्टेरिया असतात. त्यातले बहुतेक प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. म्हणून त्यांना भेटायचं तर त्यांच्या घरी जावं लागतं. फील्डवर्कची गरज आहे ती इथे. हे काम जहाजावर न जाता होणार असतं, तर इतका खर्च आणि इतक्या उलट्या कुणी सोसल्या नसत्या.

त्यांना काय सापडलं

२००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर, तळाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो आणि त्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होतो, असं त्यांनी मोजून दाखवलं. ही अवस्था तीव्र होत चाललीय आणि त्यात जमिनीवरून येणाऱ्या नत्राचा हात असू शकतो, ही शंकाही मांडली.

नायट्रस ऑक्साइड हा साधा वायू नाही. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. तो तयार करतात सूक्ष्मजीव. पाण्यात ऑक्सिजन असेपर्यंत बॅक्टेरिया ऑक्सिजनवर श्वास घेतात. तो संपला की काही जाती नायट्रेटवर श्वास घ्यायला लागतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग पायरी-पायरीने नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, जो हवेत निघून जातो. या साखळीत मध्येच अडकलं की नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो.

हे ऐकायला अवघड वाटत असेल, तर शब्द बदला. नायट्रोजन म्हणजे नत्र. कृषी सेवा केंद्रात बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश तोंडपाठ असतं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतं, हेही त्याला माहीत असतं. त्यातलं निम्म्याहून कमी पिकाला मिळतं. उरलेलं हवेत उडतं, विहिरीत झिरपतं किंवा ओढ्याला लागतं. समुद्रावरचे लोक ज्याच्या मागे फिरतायत ते हेच उरलेलं.

आता आपला समुद्र, म्हणजे बंगालचा उपसागर. २०१७ च्या सुरुवातीला ‘नेचर जिओसायन्स’मध्ये एक निबंध आला. त्यात डेन्मार्क, जर्मनीतलं ब्रेमेन आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथले संशोधक एकत्र होते. उपसागरात शंभर-दीडशे मीटरखाली एक थर आहे, जिथे नेहमीच्या सेन्सरला ऑक्सिजन शून्यच दिसतो. या गटाने जास्त संवेदनशील सेन्सर खाली सोडले आणि दिसलं की शून्य नाही, अगदी नाममात्र ऑक्सिजन शिल्लक आहे. नत्राला वायू बनवून उडवणारे सूक्ष्मजीवही तिथे हजर आहेत. पण ते जवळजवळ गप्प बसलेत. कारण तेवढ्याशा ऑक्सिजनवर दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं पुन्हा नायट्रेट करून टाकतात आणि या मंडळींच्या ताटात काही पडतच नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. अरबी समुद्रात जे चालू आहे ते बंगालच्या उपसागरात अजून पूर्ण सुरू झालेलं नाही. मध्ये एक पातळ पडदा आहे, त्या नाममात्र ऑक्सिजनचा. नद्यांतून नत्र वाढलं, त्याने शैवाल वाढलं, ते मरून खाली गेलं आणि कुजताना उरलेला ऑक्सिजनही खाल्ला, तर पडदा फाटेल. या निबंधाने उपसागर अशा काठावर उभा असल्याचं सांगितलं. त्यात घोड नदीचं नाव नाही. पण घोडचं पाणी ज्या समुद्राकडे निघालंय, तो हाच.

‘फिरायला पैसे कशाला?’

करदात्यांच्या पैशाने शास्त्रज्ञ जहाजावर फिरतात, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एकच उदाहरण.

समुद्रात लोहाची कमतरता असते म्हणून शैवाल वाढत नाही. मग समुद्रात लोह टाका, शैवाल वाढेल, हवेतला कार्बन शोषेल, मरून तळाला जाईल आणि हवामान बदलाचा प्रश्न सुटेल, अशी एक कल्पना बरीच वर्षं हवेत होती. त्यातून पैसा कमावू पाहणारेही होते. जानेवारी २००९ मध्ये भारत आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात हा प्रयोग केला. नावच ‘लोहाफेक्स’, आपला ‘लोह’ शब्द घेऊन. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, जर्मनीत सरकारी पातळीवर काम काही दिवस थांबवलं गेलं, मग परवानगी मिळाली. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं. शैवाल वाढलं. आणि ते समुद्रातल्या बारीक कवचधारी जिवांनी खाऊन टाकलं. तळाला फारच थोडा कार्बन गेला.

एका झटक्यात जग वाचवायचा शॉर्टकट असा समुद्रावर जाऊन तपासला गेला आणि त्याची हवा निघाली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात हे कळलं नसतं, कारण भांड्यात ते खाणारे जीव नसतात. फील्डवर्कचा खर्च जास्त वाटतो, तेव्हा न तपासलेल्या कल्पनांचा खर्च किती असतो तेही मोजा.

आपल्या घराजवळचं उदाहरण हवं तर लोणार घ्या. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. व्हॉट्सॲपवर उल्का, शाप, चमत्कार सगळं फिरून आलं. उत्तर आलं ते पाण्याच्या बाटल्या भरून नेल्यावर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. फोटो लाखोंनी फॉरवर्ड केला, खुलासा किती जणांनी केला?

‘पण कृष्णा समुद्राला पोहोचतेच कुठे?’

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात चांगला आक्षेप हा आहे, आणि तो जाणकार माणूस घेतो. कृष्णेवर इतकी धरणं झालीत की पावसाळा सोडला तर तिचं पाणी समुद्रापर्यंत फारसं जातच नाही. मग मंचरच्या युरियाने बंगालचा उपसागर बिघडतो, ही अतिशयोक्ती नाही का?

खरं आहे. मंचरच्या एका पोत्याचा उपसागरापर्यंत माग काढता येईल, असा माझा दावा नाही. वाटेतल्या गाळात, धरणांत बसलेले बॅक्टेरिया त्यातलं बरंच नत्र आधीच उडवून टाकतात. पण या आक्षेपाने आपली सुटका होत नाही, उलट फास आवळतो. पाणी पुढे जात नाही म्हणजे ते आपल्याच दारात साठतं. घोडचं पाणी आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, दोन्ही शेवटी उजनीत येतात. उजनीचं हिरवं पाणी पाहिलंय ना? शैवाल वाढणं, मरणं, तळाशी ऑक्सिजन संपणं, नायट्रेटवर श्वास घेणारे बॅक्टेरिया जागे होणं, ही समुद्रावर उलगडलेली गोष्ट धरणातही घडते. फक्त इथे त्या पाण्याच्या काठावर माणसं राहतात आणि ते पाणी पितात.

समुद्रवाल्यांना हे माहीत आहे. म्हणून गोव्याच्या याच संस्थेच्या गटाने सिंधुदुर्गातल्या तिलारी धरणाच्या जलाशयात जाऊनही नमुने घेतले, तिथला मिथेन मोजला. खाऱ्या पाण्यासाठी शिकलेली पद्धत त्यांनी गोड्या पाण्याला लावली. समुद्राचा अभ्यास करणारे लोक सह्याद्री चढून धरणावर आले. सह्याद्रीतले आपण मात्र अजून ‘समुद्र कुठं, आपण कुठं’ करत बसलोय.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या बाजूने येतो. हे सगळं मोजलं की खापर आमच्याच डोक्यावर फुटणार. ही भीती मला मान्य आहे, कारण मी त्याच घरातली आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. जास्तीच्या युरियाला शेतकऱ्याचा हव्यास हे कारण देणं खोटेपणाचं आहे. २०१० मध्ये केंद्र सरकारने खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर आधारलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. स्फुरद-पालाशच्या किमती वाढत गेल्या, युरियाचं पोतं अडीचशे रुपयांच्या आसपासच राहिलं. स्वस्त ते जास्त पडणार, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि महानगरांनी अर्धवट प्रक्रिया करून सोडलेल्या मैल्याचं नत्र कुठल्या शेतकऱ्याचं? मोजमाप नसलं की दोष सगळ्यात गरीब माणसावर ढकलता येतो. कळंबला किती, उजनीच्या तोंडाशी किती, याचे आकडे असले तर कुणाचा वाटा किती ते दिसेल. म्हणून मोजण्याची सगळ्यात जास्त गरज शेतकऱ्याला आहे. त्याच्या विहिरीचाही प्रश्न आहेच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्या विहिरीत किती आहे, हे किती घरांना माहीत आहे?

कपाटातल्या बाटल्या

आता आपल्या कॉलेजांकडे येते. मी मायक्रोबायोलॉजी शिकले. आमच्या अभ्यासक्रमात ‘फील्ड व्हिजिट’ होती. तिचा अर्थ होता बसने दूध डेअरीला जायचं, डोक्याला टोपी घालून शीतगृह बघायचं, ग्रुप फोटो काढायचा. रिपोर्टसाठी मागच्या बॅचचा नमुना हातात दिला जायचा. आमच्यातल्या दोघी-तिघींनी नदीवर जाऊन दर महिन्याला पाण्याचे नमुने घेऊ द्या, असं विचारलं. उत्तर मिळालं, ‘मुली घेऊन नदीवर कोण जाणार? काही झालं तर जबाबदारी कुणाची?’ विषय संपला. कॉलेजचं नाव लिहित नाही, कारण ते नाव कुठलंही असू शकतं.

मुलींच्या जबाबदारीची काळजी करणाऱ्यांना एक माहिती. पुणे विद्यापीठातून बीएस्सी झालेल्या अदिती पंत समुद्रातल्या वनस्पतीप्लवकांचा अभ्यास करायला हवाई आणि लंडनला गेल्या, परत येऊन गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर उतरल्या. त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया. याला चाळीस वर्षं झाली. आणि आम्हाला कळंबच्या पुलापर्यंत जायची परवानगी नव्हती.

आमच्या हाताशी साधनं नव्हती, असंही नाही. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत १८८८ मधली आहे. आजही संशोधन जहाजांवर सेन्सर बरोबर सांगतोय का, हे तपासायला तीच वापरतात. काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, दोन रसायनं घालायची. गाळ तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. मग आम्ल, स्टार्च आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन, निळा रंग जाईपर्यंत. हे प्रॅक्टिकल आपल्याकडच्या बीएस्सीच्या पोरांनी केलेलं असतं, नळाच्या पाण्यावर. नायट्राइट मोजायलाही गुलाबी रंग आणणारी साधी चाचणी आणि एक कलरीमीटर पुरतो. ज्या नायट्राइटवर बंगालच्या उपसागराचं भवितव्य अडलंय, तो मोजायचं यंत्र तालुक्याच्या कॉलेजात धूळ खात पडलेलं आहे.

‘कॉलेजच्या पोरांनी मोजलेलं म्हणजे काय विज्ञान?’ असं विचारणाऱ्यांनी कांदोळीकडे बघावं. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटरवर, पंचवीस-तीस मीटर खोल पाण्यात एक ठिकाण ठरवलेलं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्रविज्ञान संस्थेचे लोक तिथे पुन्हा पुन्हा जाऊन तीच मोजमापं करतायत. एका फेरीत काही भव्य सापडत नाही. पण वर्षानुवर्षं एकाच जागेचे आकडे ओळीने मांडले, की पाऊस, वारा आणि माणूस यांचा वाटा वेगळा दिसायला लागतो. चिकाटी हेच तिथलं महागडं उपकरण आहे. कळंबच्या पुलावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार बाटल्या भरायला कुठलं जहाज लागतं? एका बैलगाडा शर्यतीच्या बक्षिसाच्या रकमेत वर्षभराची रसायनं येतील. शर्यती बंद करा असं म्हणत नाही. एका बक्षिसाएवढं आपल्या नदीलाही द्या, एवढंच म्हणतेय.

हिशोब मराठीत द्या

शेवटची मागणी समुद्रावर जाणाऱ्यांकडे. तुमचं काम जगातल्या उत्तम नियतकालिकांत छापलं जातं, याचा मला अभिमान आहे. पण त्या निबंधांची भाषा इंग्रजी आणि बरेचदा कुलूप पैशाचं. ज्यांच्या नद्या त्या समुद्राला मिळतात, त्यांना एक पानही मिळत नाही. जहाज सार्वजनिक पैशावर चालतं. प्रत्येक मोहिमेनंतर मराठीत, तेलुगूत, बंगालीत एकेक पान लिहा. कुठे गेलो, काय मोजलं, काय सापडलं. ‘नत्र’ हा शब्द वापरा. आमच्या गावात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विज्ञान सोपं करून सांगा अशी भीक आम्ही मागत नाही. ज्यांना एकरी नत्राचा हिशोब किलोत कळतो, त्यांना समुद्रातल्या नत्राचा हिशोबही कळेल.

आणि वाचणाऱ्या तुमच्याकडे, म्हणजे माझ्या वयाच्या, हे सगळं मोबाइलवर वाचणाऱ्या तुमच्याकडे. कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ तुम्ही हिवाळ्यात शेअर करता. तो प्रकाश बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाचा असतो. समुद्राचं रूप बदलतंय हे सांगणाऱ्या चिन्हांपैकी तो एक आहे, अशी चर्चा शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षं चालू आहे. पुढचा व्हिडिओ शेअर करण्याआधी आपल्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री विभागात जा. विंकलरच्या बाटल्या कुठल्या कपाटात आहेत ते विचारा, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही. मग जिथून तुमच्या गावचं पाणी निघतं त्या पुलावर जा. परवानगीचा कागद लागत असेल तर अर्ज करा, नाकारला तर लेखी कारण मागा. पहिल्या महिन्यात चार आकडे येतील आणि त्यांचा काही अर्थ लागणार नाही. बाराव्या महिन्यात लागायला सुरुवात होईल.